निम्मं-निम्मं

बाईंनी प्रकाशाचं वळण मोजणाऱ्या पोलरीमीटरमधली नळी काढली, पुसली, पुन्हा ठेवली. आकडा शून्यावरच. प्रकाश ना उजवीकडे वळत होता, ना डावीकडे.

बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. रेटायच्या. त्यांचं संयुग असं: मधे कोबाल्टचा अणू, त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलेले तीन रेणू, आणि ते तिघे पंख्याच्या पात्यांसारखे कुठल्यातरी एका बाजूला वळलेले. डावा मोजा उजव्या हातात जात नाही, तशी ही दोन वळणं एकमेकांच्या जागी बसत नाहीत, असं त्या वर्गात सांगायच्या. संयुग बनवताना दोन्ही निम्मी-निम्मी होतात; एक प्रकाशाला उजवीकडे वळवतं, दुसरं तितकंच डावीकडे, आणि आकडा शून्यावर राहतो. टार्टरेट नावाचा क्षार घालून, थंड करून, पुन्हा पुन्हा स्फटिक काढून बाईंनी त्यातलं एकच वळण वेगळं केलं होतं. सगळा हिवाळा त्यात गेला होता.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून बाईंची झोप तुटक झाली होती. काल त्या वेगळ्या केलेल्या संयुगाचं द्रावण जरा गढूळ दिसलं. हात सवयीने कोळशाच्या भुकटीकडे गेला. उकळलं, गाळलं, छान स्वच्छ झालं. कोळशामुळे हे रेणू पकड सोडून पुन्हा धरतात आणि मनाला येईल तसे वळतात, हे त्यांनीच मुलांना शिकवलं होतं.

पीएच.डी.च्या मार्गदर्शक सरांना त्यांनी जाऊन सांगितलं. सर रागावले नाहीत, हे त्यांना अधिक लागलं. ते चष्मा पुसत राहिले.

"कोळसा," ते म्हणाले. "झोपता की नाही तुम्ही?"

"झोपते. तुकड्या-तुकड्यांनी."

"कोबाल्ट कुठे गेलं नाही ना? परत निम्मं-निम्मं झालंय, इतकंच. परत वेगळं करा."

इतकंच. बाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. नवऱ्याला फोन करून त्यांनी उशीर होईल म्हणून कळवलं. आईला भरवून ठेवतो, तू घाई करू नकोस, एवढंच तो म्हणाला.

मग त्यांनी नारिंगी द्रावण आटवायला ठेवलं, टार्टरेटची बाटली उतरवली, स्टूल ओढून बसल्या. पाठ दुखत होती. टार्टरेट वजनकाट्यावर घेताना जास्त पडलं, म्हणून सगळं परत बाटलीत ओतून त्यांनी पहिल्यापासून मोजायला घेतलं.