दोन्ही बाजूंनी सुलट

जयसिंगराव लग्न झाल्यापासून एकदा तरी स्वतःच्या हाताने नीट कपडे घालून घराबाहेर पडला असेल, तर तो दिवस गोजराबाईला आठवत नाही. बनियन उलटं, शर्टाची गुंडी भलत्याच काजात, स्वेटर पुढचा मागे. सरकारी कचेरीत आयुष्यभर खर्डेघाशी केली, पण आरशाशी त्याचं कधी जमलं नाही. दारातच गोजराबाई त्याला थांबवायची, गुंड्या सोडून परत लावायची आणि मगच पाठवायची. हा गुण त्याने एकुलत्या मुलाला, गिरीराजला, जसाच्या तसा दिला होता.

तोच गिरीराज मंगळूरला जाऊन टगवर खलाशी झाला. टग म्हणजे मोठमोठ्या जहाजांना दोर बांधून ओढणारी बुटकी, जोरकस बोट. समुद्रापासून लांब, गवीपुरमच्या या घरात जवळच्या केंपांबुधीच्या तळ्यापलीकडचं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. गोजराबाईला ही नोकरी पसंत नव्हती. पण पोरगं खुशीत होतं, म्हणून तिने चकलीचा डबा भरून दिला.

ती स्वतः बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात शिलाईमशीनवर होती. मद्रासचं चेन्नई झालं त्या वर्षी कारखान्याला लाइफजॅकेटांचं काम मिळालं, आणि तेही नेमकं गिरीराजच्या टगसाठी. त्या टगला एक बार्ज, म्हणजे माल वाहणारा बिनइंजिनाचा सपाट पडाव, ओढत कोचीला न्यायचा होता. पण दोर, आकडा, दिवे, जॅकेटं असं सगळं तपासून सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय तिला बंदर सोडता येत नव्हतं. नवं जॅकेट गोजराबाईनेच बेतलं. बाहेरून नारिंगी, आतून काळं अस्तर, पुढे बांधायला पट्टा. हे आपल्या पोराच्या अंगावर चढणार, म्हणून प्रत्येक टाका तिने दुहेरी घातला.

पाण्यातली तपासणी पार पडली. उरली होती शेवटची. हे जॅकेट ज्यांनी जन्मात पाहिलं नाही अशा माणसांनी ते मिनिटभरात, कुणाच्याही मदतीशिवाय अंगात घालायचं. चेन्नईहून आलेले तपासनीस उमाकांत म्हणाले, "बोट कलंडते तेव्हा समजावून सांगायला कुणी नसतं."

माणसांची शोधाशोध सुरू झाली. चहावाला आला, बसचा ड्रायव्हर आला, शेजारच्या कारखान्यातले चार-पाचजण आले. एक माणूस कमी पडत होता, तेवढ्यात गेटवर जयसिंगराव उगवला. बायको चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला दोन बस बदलून आला होता. सुपरवायझर भाग्यलक्ष्मीने त्याला हाताला धरून आत आणलं. "या अण्णा, स्वल्प काम आहे."

गोजराबाईने कपाळाला हात लावला.

शिट्टी वाजली. बाकीच्यांनी पटापट जॅकेटं चढवली. जयसिंगरावाने ते आधी डोक्यावर धरलं, मग अंगात घातलं, पण उलटं. काळं अस्तर बाहेर, पट्टा आत छातीशी. तो बिचारा पट्टा शोधत स्वतःभोवती गोल फिरला आणि सवयीने त्याने बायकोकडे पाहिलं. "अगं, हे कुठून बांधायचं?"

"बोलायचं नाही अक्का, हातही लावायचा नाही," उमाकांत म्हणाले.

गोजराबाईचे हात शिवशिवत होते. ते तिने पदराखाली एकमेकांत घट्ट धरून ठेवले. नवरा घामाघूम झाला होता, ओशाळून हसत होता, आणि तिला मात्र त्याच्या जागी गिरीराज दिसत होता. पायाखाली हलणारी बोट, ताणलेला दोर, आणि शेजारी आई नाही. मिनिट संपलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

उमाकांतांनी पेन उघडलं. "एखादा चुकला तर नियमात चालतं. अभिनंदन, जॅकेट पास."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोजराबाई पुढे आली.

"नको, साहेब. सही करू नका."

कारखान्याच्या मालकाचा चेहरा उतरला. "गोजराक्का, टग खोळंबलीय तिकडे!"

"नियमात एखादा चुकलेला चालतो, सरी, मान्य. पण माझ्या घरात तसे दोन आहेत. दुसरा त्याच टगवर आहे."

 उमाकांत पेन मिटत म्हणाले, "नियम कमीत कमी किती हवं तेवढंच सांगतो, अक्का. जास्त चांगलं करायला कुणाची ना नाही. करा, मी पुन्हा येतो."

घरी जायला दोघं बसमध्ये बसली. होसूर रोड संपत आला तेव्हा जयसिंगराव हळूच म्हणाला, "माझ्यामुळे गेलं ना तुझं काम?"

"तुमच्यामुळे कळलं," ती म्हणाली आणि त्याचा हात हातात घेतला. भर बसमध्ये असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

घरात शिरताच तिची नजर पलंगावरच्या दुलईवर गेली. दुलई कशीही पांघरा, तिला उलट बाजू असते कुठे? दुसऱ्या दिवशी तिने काळं अस्तर उसवून टाकलं. आतबाहेर एकच नारिंगी कापड घातलं आणि पट्टा कडेच्या शिवणीत असा बसवला की तो दोन्हीकडून हाताशी यावा. मालक चिडचिडला, टग धक्क्याला बांधून राहिली. तेवढे दिवस पोरगं जमिनीलगत आहे याचं गोजराबाईला मुळीच वाईट वाटलं नाही.

उमाकांत परत आले. या खेपेला नवी माणसं बोलावली होती. जयसिंगरावही हौसेने हजर झाला, पण त्याने जॅकेट आधी पाहिलं असल्यामुळे त्याला बाहेर बसवलं. तो फुरंगटून वॉचमनच्या स्टुलावर बसला. आत मात्र एकजणही चुकला नाही. सही झाली, जॅकेटं मंगळूरला गेली आणि टग निघाली.

मग कितीतरी दिवस काही कळलं नाही. गोजराबाईचा मशीनवर सारखा दोरा तुटे. एका संध्याकाळी समोरच्या दुकानदाराने हाक मारली, फोन आहे म्हणून. दोघं चपला न घालताच धावली.

"आई, कोचीला पोचलो," गिरीराज सांगत होता. "वाटेत वारा भारी होता. हाक आली तसं जॅकेट अंगात टाकून दोर धरायला पळालो. नंतर मेटने, आमच्या बोटीवरच्या साहेबाने, विचारलं, अरे, तुझं उलटं आहे की सुलट? मी म्हटलं, माझ्या आईने शिवलंय. मला ते उलटं घालताच येत नाही."

 गोजराबाईने फोन कानापासून दूर केला.

"काय म्हणतो तो? बरा आहे ना?" जयसिंगराव कासावीस होऊन विचारत होता.

तिने मान हलवली, फोन त्याच्या हातात दिला, आणि तो बोलत असताना त्याच्या शर्टाची चुकलेली गुंडी सोडून नीट लावली.