मानपाड्याचे साचे

"मॅडम, अर्जंट लिहून टाका ना. कोर्टाला काय कळतंय?" विलासराव माझ्या नौपाड्याच्या वकिलीच्या ऑफिसात बसून सांगत होते.

मानपाड्याला त्यांचा आणि सतीशरावांचा भागीदारीत कारखाना होता. प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनवायचे. बिनसलं, भागीदारी मोडली. विलासरावांनी स्वतः घडवलेले पहिले साचे मात्र सतीशरावांच्या गाळ्यातच राहिले. निरोप धाडले तरी मिळेनात. (दोघांच्या परवानगीने, नावं बदलून लिहितेय.)

असा व्यापारी दावा लावण्याआधी मीडिएशन करावं लागतं. म्हणजे तटस्थ माणसासमोर बसून तडजोड होते का ते बघायचं. कोर्टाकडून तातडीचा हुकूम हवा असेल तरच यातून सूट. बरेच वकील 'अर्जंट' लिहून ही पायरी टाळायचे. अलीकडे सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलं, पायरी सक्तीची आहे आणि तातडी नुसती दाखवण्यापुरती चालणार नाही. नाहीतर दावा दारातच फेटाळला जातो.

"तुम्ही नवे साचे करून घेतलेत. वर्षभर गप्प बसलात. तातडी आणू कुठून?"

"पण तो येणारच नाही."

मलाही तसंच वाटत होतं. फुकट वेळ जाणार म्हणून त्या निकालावर मी चिडलेच होते. तरी मीडिएशनसाठी अर्ज केला.

सतीशराव आले. मीडिएटर बाईंनी आम्हा वकिलांना गप्प बसायला सांगितलं आणि त्यांना विचारलं, "साचे का ठेवून घेतलेत?"

ते विलासरावांकडे वळले. "पोरीच्या लग्नाला आला नाहीस. इथे बरा आलास."

"पत्रिका कुठे दिलेलीस?"

"दोनदा आलेलो. दाराला कुलूप."

"अरे, आम्ही घर बदललं!"

सतीशराव हळूच म्हणाले, "साचे दिले असते, तर परत कशाला आला असतास माझ्याकडे?"

विलासरावांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

समझोता त्याच बैठकीत लिहिला. कोर्टाच्या हुकुमासारखाच तो बजावता येतो, पण तशी वेळ आली नाही. साचे टेम्पोत चढवायला सतीशराव स्वतः उभे होते. भागीदारी काही परत झाली नाही. जाणं-येणं सुरू झालं.

त्या बाईंचे आणि त्या निकालाचे मी मनापासून आभार मानते. माझ्या हातची केस गेली, ते असो. थेट दावा लावला असता तर हे दोघं एकमेकांशी बोललेच नसते. सतीशरावांना प्रश्न विचारले असते ते मी, उलटतपासणीत. आणि लग्नाच्या पत्रिकेचं विचारायला मला सुचलं नसतं.