बिनपगारी कोल

अमेरिकेत सरकारचं शटडाऊन लागल्याची बातमी टीव्हीवर ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मी ड्युटीला गेलोच नाही. चुकून नव्हे, पूर्ण विचार करून. मी रिटायर्ड सुबेदार. पलटणीतून निवृत्त झाल्यावर दुबईला आलो, करामा भागात बिऱ्हाड केलं आणि वाळवंटातल्या एका अमेरिकन कॅम्पच्या बाहेरच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर झालो. बंद म्हटलं की आम्हा साताऱ्याकडच्या माणसांच्या डोळ्यांपुढे अर्धी ओढलेली शटरं आणि डेपोत उभ्या एसट्या. बायकोला म्हटलं, "सुनीता, निवांत चहा टाक. सरकारच बंद आहे, कॅम्प कशाला उघडतोय?"

कंपनीची बस निघून गेल्यावर आमच्या मॅनेजर नायरचा फोन आला. "सुबेदार साब, किधर हो? गेट पे गुरुंग अकेला है!"

टॅक्सीला दोनशे दिरहम गेले. म्हणजे साडेचार हजारांच्या वर रुपये, हे मी रस्ताभर स्वतःलाच मोठ्यानं ऐकवत होतो.

गेटवर माझ्या जागी कोल उभा होता. हा कॅम्पच्या फायर स्टेशनवरचा फायरमन. पूर्वी सैनिक, आता अमेरिकन सरकारचा सिव्हिलियन नोकर. स्टेशन गेटला लागूनच होतं. आमचा गार्ड गुरुंग एकटा दिसला म्हणून हा पठ्ठ्या गाड्यांखाली आरसा सरकवून तपासणी करत होता.

"गुड आफ्टरनून, सुबेदार," तो म्हणाला. सकाळचे आठही वाजले नव्हते.

मी विचारलं, "तुमचं सरकार बंद आहे ना?"

"आहे. पण मी एसेन्शियल आहे."

एसेन्शियल म्हणजे काय, ते पगाराच्या दिवशी कळलं. एसेन्शियल माणसानं कामाला यायचं, पगार मागायचा नाही. युनिफॉर्मवाल्यांचा पगार शेवटच्या क्षणी कुठूनतरी जमवून काढला. फायरवाले सिव्हिलियन, त्यांच्या खात्यात काहीच आलं नाही. आमच्या पलटणीत रेशन उशिरा आलं, टपाल तर एकदा नाल्यातून वाहून गेलं. पण जवानाला ड्युटीवर ठेवून पगाराला नाही म्हटलंय, असं मी पाहिलेलं नाही.

तिकडे अमेरिकेत कोलच्या घरी बायको आणि दोन मुली. भाडं थकलं म्हणून घरमालकानं दारावर नोटीस चिकटवलेली. मी म्हटलं, "राजीनामा दे."

"राजीनामा घेणारं ऑफिस बंद आहे," तो म्हणाला आणि पोट धरून हसला. मला हसू आलं नाही.

घरी सांगितलं तर सुनीता म्हणाली, "अहो, मग तो पैसे घरी पाठवतो कुठून?" दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात थालीपिठं जास्त यायला लागली. कोल ती केचप लावून खायचा. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यातली दुपार. डिझेलचा टँकर गेटमधून आत गेला आणि वळणावर त्याच्या इंजिनातून धूर निघाला. पाठोपाठ ज्वाळा. ड्रायव्हर गुलखान केबिनमध्ये अडकलेला. बाहेर आणखी टँकरची रांग.

"कंट्रोल, गेट टू. टँकर फायर. एक माणूस आत. ओव्हर."

"गेट टू, रांग मागे घ्या. गेट सोडू नका. फायर क्रू निघालाय. ओव्हर."

"रॉजर."

क्रूच्या पुढे कोल धावत होता. मी ड्रायव्हरांवर ओरडत होतो, "पीछे लो! यल्ला, यल्ला!" मागे वळून पाहिलं तेव्हा त्यानं सीटबेल्ट कापून गुलखानला बाहेर ढकललं होतं. तो स्वतः उतरणार तेवढ्यात डिझेलच्या टाकीनं पेट घेतला.

रांग मागे गेली. गेट मी सोडलं नाही. ऑर्डर तशी होती आणि ती बरोबर होती. संध्याकाळी हॉस्पिटलमधून कॅम्पच्या अमेरिकन कॅप्टनचा फोन आला. गुलखान वाचला होता, कोल नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनला विचारलं, "सर, कोलच्या घरी पैसे?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सरकार उघडल्यावर. मागचा पगारही तेव्हाच." कॅप्टन भला माणूस. त्याच्यावर चिडून काय उपयोग? चिडायचं ज्यांच्यावर, ते समुद्रापलीकडे संसदेच्या मोठ्या हॉलमध्ये बजेटवरून एकमेकांवर ओरडत होते आणि वेळेवर जेवायला घरी जात होते. तिथे कोणाच्या दारावर नोटीस नव्हती.

आमच्या पलटणीत जवान गेला की प्रत्येक जण एका दिवसाचा पगार त्याच्या घरी देतो. सांगावं लागत नाही. मी गेटरूममध्ये हेल्मेट उलटं ठेवलं, गुरुंगनं पहिली नोट टाकली. नायर धावतच आला. "साब, खलास करो! इधर परमिशन के बिना चंदा जुर्म है. सीधा जेल!" त्याचं खरं होतं. नोट गुरुंगला परत केली. चांगलं काम करायलाही परवाना लागतो, आणि माणसाला फुकट राबवायला लागत नाही.

कोलला शवपेटीतून मायदेशी न्यायच्या दिवशी आमची सुट्टी होती. तरी सगळे गार्ड कडक इस्त्री करून आले. कंपनीची बस नव्हती, भाडं वाटून घेऊन व्हॅन केली.

नायर म्हणाला, "साब, ओव्हरटाइम नहीं मिलेगा."

गुरुंग म्हणाला, "माँगा किसने?"

सिव्हिलियन म्हणून कोलला परेड नव्हती. आम्ही गेटच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो. गुलखान हाताला बँडेज बांधून शेवटी उभा होता, ओळीबाहेर. मी त्याला ओळीत घेतलं. गाडी आली. मी ऑर्डर दिली, "सावधान! सॅल्यूट!" बावीस वर्षं दिलेली ऑर्डर, त्या दिवशी आवाज फाटला. गाडीमागून कॅप्टन आणि त्याचे जवान चालत होते, तेही थांबले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत कोणाचाही हात खाली आला नाही.

घरी आलो आणि तोंडाचा पट्टा सोडला. ते हॉलमधले लोक, त्यांच्या खुर्च्या, त्यांचे पगार, कोणाला सोडलं नाही. सुनीता समोर बसून सगळं ऐकत होती. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा तिनं उठून दाराला कडी लावली.

म्हणाली, "चिडून झालं असेल तर आता रडून घ्या. पोरगी क्लासहून यायला अजून वेळ आहे."