दीड वर्षाच्या मुलांचा क्लास

लातुरात दहावी-बारावीचे क्लास ओसंडून वाहत होते, म्हणून दत्तोपंत सरांनी दीड वर्षाच्या पोरांसाठी बोलण्याचा क्लास काढला. रोज वीस शब्द, शनिवारी टेस्ट, रविवारी गुणवत्ता यादी! सहा महिन्यांत एकही पोर ‘सफरचंद’ म्हणेना. सरांनी काय करावं? जादा तास लावले.

पोरं सांभाळायला किल्लारीच्या तारामतीबाई होत्या. सात वर्षांपूर्वी भूकंपात घरची माणसं गेली, तेव्हापासून खिडकीची काच हलली तरी त्या ‘भायेर पळा!’ ओरडायच्या. पोरांना अंगणात नेऊन एकेकाला हात लावत विचारायच्या, ‘समदे हायत ना?’ समोर औसा रोड. ट्रक गेला की काच हलायची, दिवसातून दहादा.

शेवटी पालकांसमोर जाहीर परीक्षा ठेवली. सर सफरचंदाचं चित्र धरून उभे राहिले, तेवढ्यात उसाचा ट्रक गेला. पंधरा पोरं एका सुरात ओरडली, ‘भायेर पळा!’ पालक पळाले. सर चित्रासकट पळाले.

अंगणात क्लासातलीच सरांची नात मुग्धा प्रत्येकाच्या गुडघ्याला हात लावत फिरली. तारामतीबाईंपाशी येऊन थांबली.

‘समदे हायत ना?’

सात वर्षांत बाईंना हे कुणी विचारलं नव्हतं.