हवेला झालेली सर्दी आणि प्लाझ्माचे बाकीचे किस्से

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा चुरा रोज झाडून काढला तरी संध्याकाळपर्यंत परत साठतोच, तसे ते साठतात. आमचं वर्कशॉप चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. काम प्लाझ्मा कटिंगचं. बारीक तोंडातून हवा जोरात सोडायची, तिच्यात वीज घालायची. हवा इतकी तापते की ती हवा राहतच नाही, तिचा प्लाझ्मा होतो आणि जाड पत्रा सरळ कापत जातो. कापणारे आम्ही दोघं. मी सुनीता, आयटीआय करून लागलेली, आणि रशीदचाचा, राहणार शहागंज. मालक काळे सर. एवढ्या तीन माणसांत इतके किस्से झालेत की चहा संपतो, ते संपत नाहीत!

*

मशीन नवीन आली तेव्हा चाचा तिच्याजवळ फिरकत नव्हते. वीस वर्षं गॅस कटिंग केलेला माणूस. "लोखंड लाल न होता कापलं जातं? मेरेकू भरोसा नहीं," म्हणायचे.

पहिलंच काम एका डेअरीच्या टाकीचं झाकण. स्टेनलेस स्टीलची एकच प्लेट, गिऱ्हाइकानं स्वतः आणलेली. दुसरी मिळायला आठवडा लागणार होता. गॅसवर स्टेनलेस कापलं जात नाही, म्हणून तर सरांनी ही मशीन घेतलेली.

मी टॉर्च पेटवली. ज्योत फडफडली, थुंकल्यासारखी उडाली आणि विझली. नोझल बदलली. तीच गत. तिसरी नोझल जळाली तेव्हा गिऱ्हाईक प्लेट उचलायला निघालं. सर फोनवर मशीनवाल्याशी बोलत होते. तो म्हणाला, बोर्ड गेला असणार. सरांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं.

चाचा लांब स्टुलावर डोळे मिटून बसले होते. एकदम म्हणाले, "फिर से चालू कर." मी केली. तोच फडफड आवाज. "बंद."

ते उठले, मागं कॉम्प्रेसरकडं गेले आणि टाकीखालचा कॉक उघडला. भस्सकन गढूळ पाणी! अर्धी बादली भरली. पावसाळ्याचे दिवस होते, ओली हवा टाकीत जाऊन तिचं पाणी झालेलं, आणि तेच पाणी टॉर्चमध्ये.

"मशीन चांगली हाय, साहेब," चाचा हात पुसत म्हणाले. "हवेला सर्दी झालीय!"

झाकण त्यांनीच कापलं. त्यानंतर गॅसच्या टॉर्चला हात लावला नाही.

*

दौलताबादहून एक जण पिकअपमध्ये पिंप घेऊन आला. जनावरांना पाणी पाजायला हौद करायचा, उभं कापून दोन भाग करून द्या म्हणाला. झाकण घट्ट बसवलेलं. मी विचारलं, "आत काय होतं?"

"काय नाय ताई, ड्रम रिकामाच हाय. लवकर करा, गाडी परत द्यायचीय."

चाचा जेवायला बसलेले. मी पिंप आडवं केलं, गॉगल लावला, खडूनं रेघ मारली. टॉर्च रेघेवर टेकवली, बटणावर बोट ठेवलं आणि सगळी मशीन मेली. पंखेसुद्धा थांबले.

वळून बघते तर चाचा मेन स्विचला लटकल्यासारखे उभे. तोंडात घास तसाच.

मी चिडले. "अहो चाचा, काय चाललंय?"

ते पिंपाजवळ आले, झाकण थोडं सैल केलं आणि मला खूण केली. मी वाकले. नाकात भपकन थिनरचा वास गेला. त्या वाफेत प्लाझ्मा घुसला असता तर पिंप कुठं आणि मी कुठं!

गिऱ्हाईक अजून आपलंच धरून बसलेलं. "पण रिकामा तर हाय ना!"

"रिकामा हाय म्हणून तर भ्या वाटतं," चाचा म्हणाले. "भरलेला असता तर दिसलं तरी असतं."

ते पिंप आम्ही कापलं नाही.

*

कोरोनाच्या दिवसांतली गोष्ट. काम जवळपास बंद. गेटवर आमचा मोठा बोर्ड होता: 'प्लाझ्मा – त्वरित मिळेल'. 'कटिंग' हा शब्द त्याच्याखाली, बारीक अक्षरांत.

एक दिवस दुपारी मोटारसायकलवर एक माणूस आला. पिशोरचा. मास्क घामानं भिजलेला. गेटवरूनच ओरडला, "साहेब, प्लाझ्मा पाहिजे! बी पॉझिटिव्ह! माझा भाऊ आयसीयूत हाय!"

आधी आम्हाला कळलंच नाही. मग कळलं आणि हसायची कोणाची हिंमत झाली नाही. कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा डॉक्टरांनी मागितला होता. तो सकाळपासून हिंडत होता, कोणी तयार नव्हतं, आणि रस्त्यानं जाताना त्याला आमचा बोर्ड दिसला.

सरांनी त्याला समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला, मग जिन्याच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "एवढं मोठं लिवलंय तुम्ही…"

मी चाचांकडं पाहिलं. चाचा सरांकडं बघत होते. कारण सर दोन महिन्यांपूर्वी कोरोनातून उठलेले. आणि सरांचा रक्तगट त्यांच्या ओळखपत्रावर आम्ही रोज वाचत होतो.

अडचण एकच. काळे सर सुईला घाबरतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं म्हणून एकदा दवाखान्याच्या दारातून पळून आलेला माणूस!

शेवटी चाचा हळूच म्हणाले, "साहेब, दारात गिऱ्हाईक आलंय. परत कसं पाठवायचं?"

सरांनी मास्क नीट केला. गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, कारण त्यांचे हात चालवण्यासारखे नव्हते. रक्तपेढीत सुई टोचताना त्यांनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी फुटली. पण पाऊण तास खुर्चीतून हलले नाहीत.

भाऊ वाचला. प्लाझ्मानं की आणखी कशानं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. महिन्या-दीड महिन्यानं तो स्वतः आला, काठी टेकत. सर रंगाऱ्याला बोलावून बोर्डवरचा 'कटिंग' शब्द मोठा करायला सांगत होते. त्यानं रंगाऱ्याचा हात धरला.

"बोर्ड बदलू नका, साहेब. आणखी कोण येईल, सांगता येत नाय."

*

मग एकदा एका संशोधन संस्थेचं काम आलं. स्टीलचं मोठं कडं, त्यांच्या प्रयोगाच्या भांड्यासाठी. एक तरुण शास्त्रज्ञ मॅडम स्वतः मोजायला आल्या. माप इतकं काटेकोर की कापताना मी श्वास रोखून धरलेला. मॅडम मोजपट्टी घेऊन कड्याभोवती चार वेळा फिरल्या. एका जागी थांबल्या. परत मोजलं. सरांनी डोळे मिटून घेतले.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. सर खुर्चीत कोसळलेच!

चाचांनी विचारलं, "मॅडम, या भांड्यात ठेवणार काय?"

"प्लाझ्मा. सूर्यात असतो ना, तसा. त्यातून वीज करायचा प्रयत्न आहे. काही कोटी अंश तापवायचा."

चाचांनी कड्यावर हात ठेवला. विचार करून म्हणाले, "मंग ते भांडंच कापलं जाणार नाय का?"

मॅडम खळखळून हसल्या. "चाचा, तीच तर अडचण आहे! चुंबकानं त्याला मधोमध तरंगत ठेवायचं, भिंतीला लागू द्यायचं नाही. जगभर किती वर्षं तेच चाललंय."

"हौ," चाचा म्हणाले. "म्हणजे आम्ही कापायला मरतो, तुम्ही न कापायला!"

*

गेल्या वर्षी चाचा काम करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. चेहरा पांढराफटक. महिनाभर दम लागत होता, कोणाला बोलले नव्हते. सरांनी गाडी काढली. दवाखान्यात रक्त तपासलं तर अंगात निम्मंच रक्त उरलेलं! दुर्बीण घातली तेव्हा कळलं, पोटाच्या आतल्या बारीक नसा झिरपत होत्या.

डॉक्टर तरुण होते, शांत. आम्हाला म्हणाले, "रक्ताच्या बाटल्या चढवल्यात. आता तोंडातून नळी घालून त्या नसा प्लाझ्मानं शेकून बंद करतो."

शेजारी चाची उभ्या होत्या. प्लाझ्मा शब्द ऐकला आणि त्यांनी माझा दंड धरला.

"बेटा, उससे तो लोहा कटता है!"

"चाची, हा वेगळा असतो. आर्गन वायूचा, एकदम कमी ताकदीचा. वरवर शेकतो फक्त." मी बोलत होते, पण मला स्वतःला कुठं धीर होता? बारा मिलीची प्लेट त्याच नावाच्या ज्योतीनं कशी कापली जाते, ते मी रोज बघते. माणसाच्या पोटाची भिंत किती मिलीची असते, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दार बंद झालं. चाचींच्या हातात तस्बीहचे मणी फिरत होते. सर त्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते आणि दर फेरीला सुया टोचायच्या खोलीसमोरून तोंड फिरवून जात होते. वीस मिनिटांचं काम म्हणाले होते. अर्धा तास झाला. चाळीस मिनिटं झाली. एक सिस्टर घाईनं बाहेर आली, काहीतरी पाकीट घेऊन तशीच आत गेली. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. चाची मटकन खाली बसल्या.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. मास्क काढला. "छान झालं. रक्त थांबलंय. झोपलेत."

चाचींनी पदरात तोंड लपवलं. मी विचारलं, "मग उशीर का झाला?"

डॉक्टर माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघत राहिले. "हे गृहस्थ काम काय करतात?"

"का हो?"

"करंटला परत जायला वाट लागते म्हणून पेशंटच्या मांडीला आम्ही एक पट्टी चिकटवतो. ती सुटली तर तिथली कातडी भाजते."

"आमच्याकडं चिमटा असतो," मी म्हटलं. "प्लेटला लावतो. अर्थिंग."

"हां, तेच. मी गुंगीचं औषध द्यायला सुई पुढं केली, तर त्यांनी माझा हात धरला. 'ठहरो साहब,' म्हणाले, 'अर्थिंग ढीली है.' आम्ही चादर वर करून बघितलं…"

डॉक्टरांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"निम्मी पट्टी सुटलेली होती!"