चार तलाव, दोन गळ आणि मधे मी

शुद्धलेखनाचं आधीच सांगून टाकतो. माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील, सांभाळून घ्या. पण गाडी चालवणाऱ्याजवळ किस्से साठत जातात, कारण मागे बसलेले लोक विसरतात की ड्रायव्हरलाही कान असतात.

हे किस्से घरचेच. ताईच्या लग्नात व्याह्यांचा मानाचा शेला बाबांनी गडबडीत वऱ्हाडाच्या बस-ड्रायव्हरच्या खांद्यावर टाकला. तो उंच, पांढऱ्या कपड्यातला, आणि त्याने मुकाट्याने घेतलाही. व्याही शेजारीच उभे होते. तेव्हापासून भाऊजी बाबांशी बोलत नाहीत आणि बाबा ताईच्या घराचा उंबरा चढले नाहीत.

यंदा उन्हाळ्यात भाऊजी ताईला न्यायला आमच्या गावी सुलतानपूरला आले, तेव्हा ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे दोघं या खेपेले बोलले नाई, तर माहं माहेरी येणं बंद समज."

मला एवढंच माहीत होतं की दोघांनाही गळ टाकायचं वेड आहे. म्हणून ताई-भाऊजींना त्यांच्या घरी खामगावला सोडायला मी गाडी तलाव-तलाव करत न्यायची ठरवली. बाबा म्हणाले, "येतो. पण दारातून परत."

•

पहिलं लोणार. गळ गाडीतच ठेवले होते. काठावर उभं राहून बाबा मला म्हणाले, "त्यायले सांग, इथं मासा नाई. पाणी खारं हाय."

भाऊजी शाळेत मास्तर. तेही मलाच म्हणाले, "मामांना सांग, समुद्राचं पाणीही खारंच असते."

बाबा मला म्हणाले, "मंग त्यायले विचार, काऊन नाई?"

भाऊजींनाही ते माहीत नव्हतं. दोघं कुतूहलाने पाण्याकडे पाहत राहिले, मी मधे. शेवटी ताई मागून म्हणाली, "हे पाणी साबणासारखं हाय. तुमी राह्यसान का साबणात?"

•

पुढे पेनटाकळी. सोबत आलेल्या आईने धरणाजवळ तीन दगड मांडले, वरण चढवलं, गोवऱ्यांत रोडगे भाजले. कणीक थोडी कमी पडली, तेव्हा तिला गाडीत एका डब्यात मळलेला गोळा सापडला.

जेवताना बाबा खूश. "आजचा रोडगा लय खमंग झाला. हिंग टाकला काय? अजून एक दे."

भाऊजींनी डब्याकडे पाहिलं, बाबांच्या ताटाकडे पाहिलं. तो गोळा त्यांनी गळाला लावायला रात्रीच मळून ठेवला होता. घास गिळून ते हळूच मला म्हणाले, "मामांना सांग, मासेही तेच म्हणतात."

मी सांगितलं नाही.

•

धरण मागे टाकल्यावर एका गावतलावाच्या पाळीवर थांबलो. दोघं एकमेकांपासून पन्नास पावलांवर, पाठ फिरवून बसले. थोड्या वेळाने बाबांचा दोर ताणला गेला. त्याच वेळी भाऊजींचाही. दोघं उठून उभे. बाबा ओढायचे, तिकडे भाऊजी ओढायचे. कोणी सैल सोडेना.

पाळीवरून मला दिसत होतं की गळ एकमेकांत अडकलेत. पण सांगायचं कोणाला आधी, हे समजेना. टायरच्या ट्यूबवर बसून जाळं लावणारे एक काका बराच वेळ पाहत होते. ते मला म्हणाले, "तुह्या घरचे हायेत का बे? सांग त्यायले, माणसं लागले गळाले."

•

शेवटचं येळगाव. ऊन उतरलं होतं. बाबांच्या गळाला खरंच मोठं काही लागलं. काठी वाकली. मासा काठाजवळच्या बुडालेल्या बाभळीत शिरला आणि दोर अडकला. भाऊजी काही न बोलता पँट दुमडून पाण्यात उतरले.

"जवाईबुवा, थांबा! तिथं गाळ हाय!"

भाऊजी मांडीपर्यंत रुतले होते. बाबांनी काठी टाकली, दोन्ही हातांनी त्यांना धरलं, ओढून काढलं. मासा गेला. काठीही गेली.

"मरळ होती, मामा," भाऊजी म्हणाले.

"कटला होता. मी काय आज पाह्यला?"

"मी हात लावला ना त्याले."

बोथ्याचा घाट उतरेपर्यंत हेच. मला कोणीच काही सांगायला लावलं नाही. ताई आरशातून माझ्याकडे पाहत होती.

खामगावला व्याही दारातच खुर्ची टाकून बसले होते. बाबा गाडीतून उतरेनात. व्याह्यांनी भाऊजींचे चिखलाने भरलेले पाय पाहिले. "हे काय?"

भाऊजींनी दोन हात पसरून मासा दाखवला. गाडीतल्या गाडीत बाबांनी त्याहून मोठा दाखवला.

व्याही उठले. दोघांच्या हातांमधली जागा त्यांनी नीट न्याहाळली. मग म्हणाले, "येळगावात एवढा मासा? खोटं. हात-पाय धुवा आधी, अन् मंग बसून सांगा मले, कोणत्या बाभळीत गेला."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी उठलो आणि व्याह्यांच्या न्हाणीमागच्या ओल्या मातीत तिघांच्या गळांना पुरतील एवढी गांडुळं खणली.