सलईची जखम

मोर्शीहून निघालेली एसटी संत्र्याच्या बागा मागे टाकत सातपुड्याच्या पायथ्याशी आली. शेवटच्या थांब्यावर मी एकटीच उतरले. पन्नाशीच्या सुभद्रामावशी न्यायला आल्या होत्या. उन्हाळाभर त्या रानातून डिंक गोळा करतात; तेच पाहायला मी पुण्याहून आले होते.

घरी त्यांनी आधी भाकर आणि झुणका वाढला. मग धावड्याचा डिंक पाण्यात टाकला. “हा इरघयते (विरघळतो). लाडूत घालतो आमी.” सलईच्या झाडाच्या डिंकाचा खडा मात्र त्यांनी चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवला. पांढरा धूर उठला आणि त्या लहानशा घराचं देऊळ झालं.

जेवून आम्ही रानाकडे निघालो. तासभर चढल्यावर सलया दिसल्या. एकीवरही पान नव्हतं. कागदासारखी सुटणारी साल उन्हात चमकत होती. सगळ्यांत जुन्या झाडाजवळ मावशी थबकल्या. कुणीतरी जास्त डिंकाच्या हव्यासानं कुऱ्हाडीनं निम्म्या खोडाची साल सोलून काढली होती.

“कोनं केलं वो हे?” म्हणत त्या खालीच बसल्या.

मी जवळ गेले. जखमेतून जागोजागी दुधासारखे थेंब पाझरत होते आणि खाली ओघळताना मधाच्या रंगाचे होऊन घट्ट होत होते. ना वैद्य, ना औषध. झाड स्वतःच्या अंगातूनच आपली जखम बुजवत होतं. मी किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. नकळत एक खडा काढायला हात पुढे केला.

“त्याले हात नका लावू, बाई.”

“काहून?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“दुसऱ्या झाडाचा घेऊ. हे तिची पट्टी हाय.”

जिथे डिंक पोचला नव्हता, तिथे त्यांनी नाल्यातली ओली माती आणून लिंपली. मदत करताना माझा पाय घसरला, मी खोड धरलं आणि तळहात डिंकानं माखला.

परतीच्या एसटीत हातावर बाटलीभर पाणी ओतलं, तरी तो चिकटा सुटेना. शेजारचे दाढीवाले चाचा हसले. “सलई आहे ना? पाण्याले नाही ऐकत ते. तेल लावा.” त्यांनी पिशवीतून खोबरेल दिलं. चिकटा गेला, वास पुण्यापर्यंत सोबत आला. रोज कितीतरी झाडांखालून जाते मी. त्यांच्या सालीआड काय चाललेलं असतं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

पावसाळ्यात मावशींचा फोन आला. “अर्ध्या अंगानं पालवली, बाई.”

“आणि उरलेलं अर्धं?”

“तिकून अजून डिंक येऊन राह्यला. हारली नाही ते.”